सायकलिंगच्या कस्टम जर्सीचा छोटा धंदा सुरू करायचाय? मग हे आधी वाचा

कुठलीही सायकलिंग जर्सी हातात आली की आधी ती उलटी करून बघा. आतून पांढरी आहे का, शिलाईचे दोरे मोकळे सुटलेत का, चेनच्या (म्हणजे झिपच्या) मागे पट्टी लावलीय का, खालच्या इलॅस्टिकला आतून सिलिकॉनचे ठिपके आहेत का. मग पाठ बघा, खिसे ओढून बघा, आणि डिझाइन सगळ्यात शेवटी बघा. नवीन लोक नेमकं उलट करतात, लॅपटॉप उघडून रंग भरायला बसतात आणि मग विचारतात ताई मशीन कुठलं घेऊ. मी नाशिकमधून हे काम करते, माझ्याकडे आजही प्रिंटिंगचं मशीन नाही. सुरुवातीला तुम्हीही घेऊ नका, त्या पैशात साइझ किट बनवा. ते काय असतं ते खाली सांगते कारण अख्खा धंदा त्याच्यावर उभा आहे.

आधी जर्सी समजून घ्या

क्रिकेटचा ड्रायफिट टी-शर्ट आणि सायकलिंगची जर्सी एकच असं समजून बरेच जण टी-शर्टवाल्याकडेच ऑर्डर देतात. सायकलवर माणूस पुढे वाकलेला असतो, म्हणून जर्सी पुढून आखूड आणि मागून लांब लागते, नाहीतर कंबर उघडी पडते आणि पुढे पोटाशी कापडाचा गोळा होतो. मागे तीन खिसे, कारण वाकल्यावर पुढच्या खिशातलं सगळं गुडघ्याला लागेल. गळा बुटका, नाहीतर मान वर केली की घशाला टोचतो. चेन शक्यतो पूर्ण उघडणारी घ्या, आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये घाट चढताना अर्धी चेन उघडून भागत नाही, आणि घामाने चिकटलेली जर्सी डोक्यावरून काढणं म्हणजे कसरत आहे.

कापड पॉलिस्टरच लागतं, त्याला कारण आहे. एक तर पॉलिस्टर घाम शोषून बसत नाही, तो बाहेरच्या बाजूला पसरतो आणि वाऱ्याने उडून जातो. दुसरं म्हणजे सब्लिमेशन प्रिंट फक्त पॉलिस्टरवर धरते. आधी कागदावर उलटी छपाई करतात, मग तो कागद कापडावर ठेवून साधारण २०० अंशाला अर्धा ते एक मिनिट दाबतात, तेव्हा शाईची थेट वाफ होते आणि ती धाग्याच्या आत शिरते. म्हणून रंगाचा थर हाताला लागत नाही, तडकत नाही, धुण्यात सोलवटत नाही. कॉटनवर हे होतच नाही. आणि या शाईत पांढरा रंग नसतो, तुमच्या डिझाइनमधला पांढरा म्हणजे न छापलेलं कापड. त्यामुळे काळ्या कापडावर प्रिंट मागू नका, पांढऱ्या कापडावर काळा छापला जातो. जर्सी आतून पांढरी का ते आता कळलं असेल.

जाडी जीएसएममध्ये, म्हणजे एका चौरस मीटर कापडाचं वजन किती ग्रॅम, अशी सांगतात. उन्हाळ्यासाठी १२०-१३० च्या आसपासचं जाळीदार कापड मस्त वाटतं पण त्यात फिका रंग घेतला तर घामाने आरपार दिसायला लागतं, महिलांच्या जर्सीत तर हे आधीच तपासा. मी पुढच्या-मागच्या भागाला १४०-१५० चं आणि काखेखालच्या साइड पॅनलला पातळ जाळी वापरते. खिशाचं कापड मात्र अंगापेक्षा कधीच पातळ नको.

बनवून कोण देणार

तिरुपूर होजियरीसाठी, लुधियाना-जालंधर-मेरठ स्पोर्ट्सवेअरसाठी, पॉलिस्टर कापड सुरतहून, हे तुम्हाला कुणीही सांगेल. आता पुण्या-मुंबईतही आणि बऱ्याच जिल्ह्याच्या गावांत सब्लिमेशनवाले झालेत. माझं मत विचाराल तर पहिल्या पाच-सहा ऑर्डर जवळच्याकडूनच करा, नग थोडा महाग पडला तरी. कटिंग मास्टरच्या टेबलाशी उभं राहून जे दोन तासांत कळतं ते फोनवर दोन वर्षांत कळत नाही. मला पहिल्यांदा तिथेच दिसलं की कागदावर रंग अगदी मेलेला, राखाडी-जांभळट दिसतो आणि प्रेसमधून बाहेर आला की तोच लालभडक होतो. माहीत नसेल तर कागदाचा फोटो बघून काळजात धस्स होतं.

जॉबवर्कवाल्याला, म्हणजे आपल्यासाठी छापून-शिवून देणाऱ्याला, हे नक्की विचारा की प्रिंट आधी आणि शिलाई नंतर, का शिवलेल्या जर्सीवर प्रिंट? शिवलेल्यावर केली तर काखेत, शिलाईच्या घडीत पांढरे चट्टे राहतात, हात वर केला की दिसतात. पॅनल छापून, कापून मग शिवणारा माणूस शोधा. शिवाय मिनिमम ऑर्डर किती, सायकलिंगचा वेगळा पॅटर्न (कापड बेतायचा साचा) आहे का फुटबॉलच्याच जर्सीला खिसे लावून देतो, महिलांचा पॅटर्न वेगळा आहे का, शिलाई फ्लॅटलॉक (सपाट, अंगाला न टोचणारी) का नुसती ओव्हरलॉक, आणि एखादा नग खराब निघाला तर एकच नग परत करून देणार का, हे सगळं व्हॉट्सअॅपवर लिहून घ्या. तोंडी नको.

सॅम्पल आल्यावर त्याचे हाल करा. छातीचं कापड दोन्ही हातांनी ताणा, ताणल्यावर आतला पांढरा किती दिसतो बघा, गडद रंगात थोडा दिसतोच पण फार दिसला तर पोटावरचं डिझाइन फिकं वाटणार. मधल्या खिशात मोबाइल, बाजूच्या दोन्हीत दोन-दोन केळी आणि पंक्चर किट टाका, सायकलवर बसा, उभं राहून पेडल मारा, खराब रस्त्यावर न्या. खिसा लोंबकळून मांडीवर आपटत असेल तर वरची इलॅस्टिक ढिली आहे. पाच वेळा धुवा. मग ऑर्डर.

डिझाइन

आधी जॉबवर्कवाल्याकडून त्याच्या पॅटर्नची फाइल घ्या, प्रत्येक साइझची, आणि त्यावरच डिझाइन बसवा. नेटवरचा मॉकअप (जर्सीचं तयार नमुनाचित्र) दाखवायला ठीक, छापायला नाही. हे मी अनुभवाने सांगते. पहिल्याच मोठ्या ऑर्डरला, ४५ जर्सी होत्या, मी पाठीवर खाली ग्रुपचं नाव टाकलं होतं, मॉकअपमध्ये खिशांच्या बरोबर वर दिसत होतं. शिवणाऱ्याच्या पॅटर्नमध्ये खिसे तीन बोटं वर होते. नावाचा खालचा अर्धा भाग खिशाच्या आत गेला आणि खिशाच्या कापडावर वेगळंच डिझाइन, म्हणजे अक्षरांची नुसती डोकी वर दिसत होती, शिरोरेषा आणि थोडं खाली. ते युनिट म्हणालं आम्ही फाइलप्रमाणे छापलंय, आणि खरंच छापलं होतं. ४५ पाठी परत छापून परत शिवाव्या लागल्या आणि खर्च मी भरला. तेव्हापासून खिशाची वरची कडा कुठे येते ते सेंटिमीटरमध्ये विचारल्याशिवाय मी पाठीला हात लावत नाही.

साइझप्रमाणे डिझाइन मोठं होताना छातीवरचा लोगो पण मोठा करायचा का तोच ठेवायचा हेही ठरवा. आडवे पट्टे असतील तर पुढचा पट्टा आणि मागचा पट्टा बाजूच्या शिलाईत जुळायला हवा, एम मध्ये जुळतो आणि थ्री एक्सएलमध्ये अर्धा इंच सरकतो, त्यामुळे नवीन असाल तर शिलाईपाशी पट्टे संपवा किंवा साइड पॅनल एकरंगी ठेवा, निम्मी डोकेदुखी जाते.

रंगाचं एकच सांगते, स्क्रीनवर विश्वास ठेवू नका. भगवा स्क्रीनवर भगवा दिसतो आणि कापडावर विटकरी येऊ शकतो, काळा तपकिरीकडे झुकतो, गडद निळा जांभळा होतो. जॉबवर्कवाल्याच्याच प्रिंटरवर, त्याच्याच कापडावर शंभरेक रंगांच्या चौकोनांचा एक तुकडा छापून घ्या, प्रत्येक चौकोनाखाली त्या रंगाचे फाइलमधले आकडे. क्लबवाल्यांना तो तुकडा उन्हात नेऊन दाखवायचा आणि बोट ठेवायला सांगायचं. कापड बदललं की तुकडा नवीन.

मराठी अक्षरांचं मुद्दाम वेगळं सांगते कारण हे बाहेरचं कुणी सांगणार नाही. फाइल तिरुपूरला किंवा लुधियानाला गेली आणि त्यांच्या कॉम्प्युटरवर तुमचा फॉन्ट नसला तर जोडाक्षरं तुटतात, विठ्ठलमधला ठ्ठ सुटा होतो, वेलांटी व च्या पुढे जाऊन पडते, आणि तिथल्या ऑपरेटरला वाचता येत नसल्याने त्याला काही चुकलंय हे कळतही नाही. म्हणून सगळी अक्षरं आधी कर्व्हमध्ये बदला, म्हणजे ती फॉन्ट न राहता नुसते आकार होतात, मग पाठवा, आणि छपाईआधी त्यांच्या स्क्रीनचा फोटो मागवा. लोगो व्हेक्टरमध्येच (कितीही मोठा केला तरी न फाटणारी फाइल) घ्या, व्हॉट्सअॅपवर आलेला लोगो छातीवर चार इंचाचा केला की कडा फाटतात.

नाशिकहून पंढरपूरला सायकल वारी जाते, दुसऱ्या गावांहूनही जायला लागल्यात, त्यामुळे जूनच्या आधी आमच्याकडे वारीच्या जर्सींची गर्दी असते. हमखास मागणी येते की पाठभर विठोबा टाका. पाठभर टाकला तर पावलं खिशावर येतात, आणि त्या खिशात केळ्याची सालं, घामट रुमाल, पंक्चरची ट्यूब. मी बोलून दाखवते, आणि बहुतेक वेळा मग विठोबा छातीवर डाव्या बाजूला छोटा घेतो, पाठीवर टाळ किंवा वाटेतल्या गावांची नावं. हीच गोष्ट तिरंग्याची, २६ जानेवारीच्या राइडसाठी सगळ्यांना झेंडा हवा असतो. कमरेखालच्या पोशाखावर राष्ट्रध्वज वापरायला कायद्याने मनाई आहे, कापडावर छापण्याबद्दलही बंधनं आहेत, आणि सायकलिंग जर्सीची मागची बाजू तर कमरेच्या खाली जातेच. मी केशरी आणि हिरव्या रंगाचा वापर बाह्यांवर करून देते, चक्र आणि झेंडा नाही. अशोकस्तंभ तर अजिबातच नाही.

परदेशी टीमच्या जर्सीची कॉपी करून द्या म्हणणारे पण येतात. नाही म्हणा. त्या लोगोंचे मालक आहेत, आणि इंद्रधनुष्याचे पाच पट्टे तर विश्वविजेत्याने घालायचे असतात. टूर द फ्रान्स या शर्यतीत १९१९ मध्ये पिवळी जर्सी आली ती ज्या वर्तमानपत्राने शर्यत भरवली त्याचा कागद पिवळा होता म्हणून, म्हणजे ती त्यांच्या घरची गोष्ट आहे. तुमच्या क्लबची पण काहीतरी असेलच, घाट, नदी, ज्या टपरीवर दर रविवारी पोहे खातात ती टपरी. ते काढा, लोक जर्सी जपून ठेवतात.

साइझ: इथे धंदा टिकतो किंवा बसतो

साइझ किट म्हणजे एक्सएस पासून फाइव्ह एक्सएलपर्यंत प्रत्येकी एक कोरी किंवा जुन्या डिझाइनची जर्सी, त्याच जॉबवर्कवाल्याच्या पॅटर्नची, आणि महिलांच्या पॅटर्नचा वेगळा सेट. कॉलरला मोठ्या अक्षरात साइझ. ही पिशवी घेऊन रविवारी सकाळी क्लबच्या राइडला जायचं, राइड संपून चहा चालू असतो तेव्हा प्रत्येकाला घालायला लावायचं.

नुसतं घालून उभं राहिलेलं चालत नाही. आमच्याकडे एक काका, दरवेळी तेच, "मला एल लिही, मी शर्ट एलच घालतो चाळीस वर्षं." मी म्हटलं काका शर्ट एल असू दे, ही घालून सायकलवर बसा एकदा, हँडल खाली पकडा. बसले आणि चेन पोटावर लाटेसारखी वाकडी झाली, पाठ वर सरकली. काहीच बोलले नाहीत, खाली उतरून स्वतःच डबल एक्सएलची जर्सी उचलली. माणसाला लाज वाटेल असं काही बोलायचं नाही, सायकल सांगते.

राइडला न आलेल्यांसाठी मापाचा फॉर्म ठेवा पण त्यात शर्टचा साइझ विचारू नका. घरातली नीट बसणारी जर्सी किंवा टी-शर्ट जमिनीवर सपाट पसरून काखेपासून काखेपर्यंत टेपने मोजायला सांगा आणि टेपसकट फोटो मागवा. २० इंच आलं तर छाती ४०, हा हिशोब. महिलांच्या बाबतीत युनिसेक्स म्हणून पुरुषांचाच एक्सएस किंवा एस देऊ नका, खांद्यावर ढगळ आणि कमरेखाली आवळून अशी तऱ्हा होते आणि ती ताई परत कधी तुमची जर्सी घेत नाही. उन्हामुळे पूर्ण बाह्या हव्या असणाऱ्या पण बऱ्याच जणी आहेत, तो रकाना फॉर्ममध्ये आधीच ठेवा.

नावं, साइझ, बाही, पैसे आले का, एवढी एकच शीट आणि ती ग्रुपवर टाकायची, प्रत्येकाने आपल्या ओळीपुढे ओके लिहायचं. जयश्री का जयश्रीताई, कुलकर्णी का नुसतं केके, हे त्याने स्वतः वाचून ओके केलेलं असलं पाहिजे. ओके नाही तर छपाई नाही.

किंमत

समजा ३० जर्सी आहेत. जॉबवर्क ५२० रुपये नग धरा, म्हणजे १५,६००. ट्रान्सपोर्ट ९००. सॅम्पल १,०००. दोन नग बिघडणार असं आधीच धरून चला, १,०४०. पिशव्या-लेबल ४५०. आणि तुमचा डिझाइनचा वेळ, १० तास, तासाला २०० तरी, २,०००. बेरीज २०,९९०, म्हणजे नगाला ७००. नवीन माणूस ५२० बघून ६५० ला देतो आणि खूश होतो, स्वतःचा वेळ धरला तर नगामागे ५० रुपये गेलेले त्याला महिनाभराने कळतात. मी वरच्या हिशोबात ८५० अधिक जीएसटी सांगेन. तुमच्या भागातले रेट वेगळे असतील, रकाने मात्र हेच ठेवा.

पैसे आधी, सगळे आधी, आणि शक्यतो प्रत्येकाकडून यूपीआयने थेट. अॅडमिनने गोळा करून द्यायचे ठरलं की बिचारा अॅडमिन अडकतो, आठ जण देत नाहीत आणि मैत्रीपायी तो स्वतः भरतो, मग पुढच्या वर्षी तो जर्सीचं नावच काढत नाही.

कागदपत्रांचं थोडक्यात. उद्यम रजिस्ट्रेशन (छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी) ऑनलाइन आहे आणि फुकट आहे, एजंटला पैसे देऊ नका. महाराष्ट्रात मोजकेच कामगार असतील तर शॉप अॅक्टची फक्त ऑनलाइन सूचना द्यावी लागते. मालाच्या धंद्यात ४० लाखांच्या आत उलाढाल असेल तर जीएसटी नंबर सक्तीचा नाही, पण राज्याबाहेर माल विकलात की साधारणपणे तो लागतोच, तेव्हा गोव्याच्या किंवा बेळगावच्या क्लबला हो म्हणायच्या आधी सीएशी बोला. २२ सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांपर्यंतच्या कपड्याला ५ टक्के आणि त्यापुढे १८ टक्के, म्हणजे आपली जर्सी ५ टक्क्यांत बसते. ब्रँडचं नाव जमलं की ट्रेडमार्क करून टाका, कपड्यांचा वर्ग २५, एकट्या माणसाला ऑनलाइन फी ४,५०० रुपये.

कधी आणि कुणाला विकायची

दुकान, वेबसाइट नंतर. पहिली ऑर्डर तुम्ही ज्या ग्रुपबरोबर चालवता त्याच ग्रुपची घ्या, कारण तिथे जर्सी रोज डोळ्यासमोर राहते, शिलाई उसवली तर दुसऱ्या दिवशी कळतं. जे कळेल ते लिहून ठेवा. पाऊस संपला की ब्रेव्हेंचा, म्हणजे ठराविक वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या राइडचा, हंगाम जोरात असतो, २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० वीस तासांत, ४०० सत्तावीस, ६०० चाळीस तासांत, आणि हे सगळं एका सीझनला केलं की सुपर रँदोनर हा किताब. अशा माणसाला ती कमाई अंगावर मिरवायची असते, आणि मिरवावी, त्यासाठीच्या जर्सी चांगल्या जातात. फक्त त्यांना आधी सांगा की रात्री वरून रिफ्लेक्टिव्ह जॅकेट घालणं सक्तीचं आहे, त्यामुळे पाठीवरचं डिझाइन रात्री झाकलं जाणार, स्पॉन्सरचं नाव बाहीवर घ्या. सब्लिमेशनने काही चमकत नाही, चमकणारी पट्टी वेगळी शिवावी किंवा चिकटवावी लागते.

तारीख देताना कारागिरांच्या घरच्या तारखा विचारा. तिरुपूर पोंगलला बंद असतं, म्हणजे नेमकं २६ जानेवारीच्या आधी. उत्तरेकडचे शिवणारे होळीला आणि दिवाळी-छठला गावी जातात आणि कधी परततील ते त्यांनाही माहीत नसतं. मी चार आठवडे सांगते आणि तीन आठवड्यांत द्यायचा प्रयत्न करते.

माल आला की प्रत्येक नग उघडा. चेन तीनदा वरखाली, खिशाचे कोपरे ओढून, नाव शीटशी ताडून, टेप छातीला लावून. ३० नगांना दीड-दोन तास लागतात, घरच्यांना मदतीला बसवा. नावाची जर्सी परत घेता येत नाही हे आधीच लिहून द्या, पण चूक आपली असेल तर वाद न घालता नवीन करून द्यायची, साइझ त्याने ओके केला असेल तर नाही.

वाटप झालं की पंधरा दिवसांत कुणीतरी म्हणणारच, ताई माझी राहिली, एक करून द्या. एका नगाला जॉबवर्कवाला हो म्हणत नाही किंवा दुप्पट सांगतो. म्हणून पहिल्या वाटपाच्याच दिवशी दुसऱ्या बॅचची तारीख सांगून ठेवा, किमान दहा नावं आली तर. आणि पिशवीत एक छोटी चिठ्ठी टाका, मराठीत: चेन लावून, उलटी करून, गार पाण्यात धुवा. कम्फर्ट-बिम्फर्ट टाकू नका, त्याने घाम बाहेर पडायचा बंद होतो. इस्त्री नको. सावलीत वाळवा.